केसांच्या चिठ्ठीवरचं नाव

टोकियो, १५ फेब्रुवारी २००१

दादा,

छपरावरचा बर्फ यंदा कितीदा ढकललास? इथे काल सकाळी थोडा भुरभुरला आणि दुपारपर्यंत त्याचा चिखल झाला. तेवढ्यानेच आमची गल्ली हवालदिल झाली. शेजारची बाई मला म्हणते, तुमच्या नीगातात माणसं जगतात तरी कशी? मी म्हटलं, जगत नाहीत, वसंत येईपर्यंत दम धरून बसतात.

वहिनींनी पाठवलेलं मुळ्याचं लोणचं पोचलं. त्यांना सांग, या खेपेला मीठ बेताचं आहे, म्हणजे डॉक्टरांचं कुणीतरी ऐकतंय.

तू विचारलंस, धुलाईच्या दुकानाला बुधवारी सुट्टी असते तेव्हा एकटी काय करतेस. हसू नकोस. मी संग्रहालयं बघते. हे गेल्यापासून बुधवार फार लांबतो. रांगा लावून बघायची मोठी संग्रहालयं नव्हेत. वॉर्डाच्या कचेरीत एक घडीचा नकाशा फुकट मिळतो. नदीच्या आमच्या बाजूला कुणाच्या दुकानामागे, कुणाच्या माडीवर अशी छोटी छोटी संग्रहालयं आहेत, ती त्यात दाखवली आहेत. टोफूवाल्याच्या मागच्या खोलीत काडेपेट्यांवरची चित्रं आहेत. मालक ओले हात पुसत येतो, दिवा लावतो आणि चुलीवरचं उतू जाईल म्हणून परत पळतो. एका दंतवैद्याच्या माडीवर दोनशे वर्षांपूर्वीच्या लाकडी कवळ्या आहेत. मी त्या बघत होते आणि खाली कुणीतरी कण्हत होतं. एका म्हाताऱ्या खलाशाने घरात दोरांच्या गाठी मांडून ठेवल्या आहेत. एक गाठ मारता येईपर्यंत त्याने मला उठू दिलं नाही.

अशा जागी मला बरं वाटतं. कुणीतरी एकाच वस्तूवर जन्मभर जीव लावलेला असतो.

मार्च जवळ आला की माझी झोप उडते, तुला ठाऊक आहे. वितळलेल्या बर्फाचं पाणी इथे कुठलं यायला, पण कानात त्याचाच आवाज असतो. इसोएताई नदीत गेली त्याला येत्या एप्रिलात चव्वेचाळीस वर्षं होतील. तिच्या नावाने दिवा लावशील तेव्हा माझ्या वाटचाही लाव.

मित्सुयो

—

हिनोकुरा, ४ मार्च २००१

मित्सु,

सात वेळा ढकलला. आठव्यांदा तुझ्या वहिनीने शिडी लपवून ठेवली. म्हणाली, अडुसष्टाव्या वर्षी छपरावरून पडून मरायचं असेल तर आधी लाकडं फोडून ठेवा.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. कवळ्यांपाशी ती इतकी हसली की तिचीच निघायची वेळ आली. माझं विचारशील तर, मेलेल्यांच्या वस्तू बघत फिरण्यापेक्षा जिवंत माणसांकडे जात जा. तुझा मुलगा ओसाकात आहे, त्याच्याकडे आठ दिवस राहून ये. नाहीतर इकडे ये. बर्फातून कडू कोंब वर यायला लागले की तळून घालीन.

दिवा लावीन. दर वर्षी लावतोच. जे वाहून गेलं ते गेलं. पाण्याचा आवाज आला तर खिडकी लावून घे.

तामोत्सु

—

टोकियो, २२ मार्च २००१

दादा,

हे पत्र वहिनींना वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटा वाच.

काल मी देवळामागच्या गल्लीतल्या टोपवाल्याकडे गेले होते. केसांचे टोप करायचा धंदा. खाली दुकान, वर दोन खोल्यांचं संग्रहालय. मालक कुरिबायाशी, एक्याऐंशी वर्षांचे, कमरेत वाकलेले. जिना उभा आहे म्हणून त्यांनी माझी तीनदा माफी मागितली. वर कापराचा आणि तेलाचा वास. नवरीमुलींचे उंच अंबाड्यांचे टोप, सिनेमातल्या लढवय्यांचे, नाटकातल्या भुतांचे. सगळे लाकडी डोक्यांवर, भिंतीकडे तोंड करून. धूळ पुढून बसते म्हणून पाठमोरे ठेवतो, म्हणाले.

मग त्यांनी खण उघडले. पूर्वी खेडोपाड्यांतून केस विकत घेत. एकेक शेपटा कागदात गुंडाळलेला आणि त्याला चिठ्ठी: गाव, नाव, वय, लांबी, तारीख. किराणावाला कडधान्यं दाखवतो तसे ते दाखवत होते. मी म्हटलं, माझं माहेर नीगाताचं. ते म्हणाले, मग बघा, ओळखीचं कुणी सापडतंय का.

दादा, चिठ्ठीवर लिहिलंय: ‘नीगाता, हिनोकुरा. मित्सुयो. वय वीस. लांबी दोन हात. शोवा बत्तीस, मे, अकरावा दिवस.’

शोवा बत्तीस म्हणजे सत्तावन्न साल, ताई गेली तेच. ती गेली वीस एप्रिलला. हे त्यानंतर तीन आठवड्यांनी. आणि गावात मित्सुयो एकटी मीच होते, दहा वर्षांची, कानापर्यंत कापलेल्या केसांची.

हात लावा, काही होत नाही, असं ते म्हणाले. मी आधी लावला नाही. मग लावला. केस थंड होते. खिडकीशी नेले तेव्हा टोकांना तांबूस झाक दिसली. मावशी ताईला कोल्हीण म्हणून चिडवायची, आठवतं?

मी जिना कशी उतरले ते मला माहीत नाही. पुलावर कितीतरी वेळ उभी होते. पाण्यात बुडून मेलेली माणसं काठावरच्यांना नावाने हाक मारतात, असं आजी सांगायची. ताईने माझं नाव घेतलंय. का घेतलंय ते मला ठाऊक आहे, पण ते कधीतरी तोंडाने सांगेन. आज लिहवत नाही.

मित्सुयो

—

हिनोकुरा, २६ मार्च २००१

मित्सु,

पत्र आजच मिळालं, लगेच लिहितो आहे.

तू उगाच मनाला लावून घेतेस. केसांचे व्यापारी तेव्हा गावोगाव फिरत. कुठल्या गावाची चिठ्ठी कुठल्या शेपट्याला लागली असेल कोण जाणे. मित्सुयो नावाच्या बायका तेव्हा पैशाला पासरी होत्या. तांबूस केसांचं म्हणशील तर कापूर लागला की केस तांबूस होतात, हे कुणीही सांगेल.

त्या ठिकाणी पुन्हा जाऊ नकोस. त्या म्हाताऱ्याला काही विचारू नकोस. देवळात जा, उदबत्ती लाव आणि गप्प झोप.

तामोत्सु

—

टोकियो, १२ एप्रिल २००१

दादा,

माझ्या पत्राला उत्तर द्यायला तुला नेहमी तीन आठवडे लागतात. या वेळी चौथ्या दिवशीच लिहिलंस. ते वाचून मी देवळात न जाता कुरिबायाशींकडेच गेले. दोनदा.

आधी माझं सांगते. हे मी यांनाही कधी सांगितलं नव्हतं.

ताईचं लग्न बाबांनी खालच्या गावच्या लाकूडगिरणीवाल्याशी ठरवलं होतं, तो बिजवर, तिच्या दुप्पट वयाचा. आणि विजेच्या तारा ओढायला आलेला एक माणूस ताईला देवळामागे भेटायचा. ते दोघं बोलत उभे असताना मी पाहिलं आणि जेवताना बाबांना सांगून टाकलं. मुद्दाम नव्हे, म्हणजे थोडं मुद्दामच. आदल्या दिवशी तिने मला मारलं होतं. बाबांनी तिला धान्याच्या कोठीत कोंडलं. चौथ्या दिवशी तिचे गवती बूट नदीच्या वळणावर सापडले. दादा, तिला मी मारलं. मोठी झाल्यावर मी केस कधी मानेपर्यंत वाढू दिले नाहीत, कारण आंघोळीनंतर ओले केस मानेला लागले की वाटतं, मागे ती उभी आहे.

आता कुरिबायाशी काय म्हणाले ते. त्यांना ती मुलगी आठवते. शेपटा व्यापाऱ्याकडून आलेला नव्हता. मुलगी स्वतः जिना चढून आली, पायात पुरुषी रबरी बूट. कापा, म्हणाली. कापून झाल्यावर विचारलं, इथे काम मिळेल का? जाळीत सुईने एकेक केस ओवायचं काम तिने अकरा वर्षं केलं. नवरीमुलींचे टोप तिच्या हातचेच मागत. सगळे तिला मित्सुयो-सान म्हणत. मग एका चटयावाल्याबरोबर नदीपलीकडे राहायला गेली. डाव्या कानामागे तीळ होता का, मी विचारलं. म्हणाले, केस कापताना मीच पाहिला होता.

नववर्षाचं कार्ड त्यांना अजून येतं. दर वर्षी. पत्ता द्यायला ते तयार नाहीत. आधी तिला विचारतो, म्हणाले.

दादा, भुतं सुई चालवत नाहीत, कार्डं पाठवत नाहीत. पण मला अजून धीर होत नाही. चौऱ्याहत्तर साली मी उएनो स्टेशनात ताईला पाठमोरी पाहिलं होतं, तुला लिहिलं होतं. तू उत्तर दिलंस, आठवण काढली की मेलेली माणसं दिसतात. मी त्या वर्षी तीन महिने स्टेशनाकडे फिरकले नाही.

मला एवढंच सांग. तुला काय माहीत आहे?

मित्सुयो

—

हिनोकुरा, १७ एप्रिल २००१

मित्सुयोताई,

मी तोकी लिहिते आहे. यांना माहीत नाही. पत्र टाकायला मी औषधाचं निमित्त करून खालच्या पोस्टात जाणार आहे.

तुमचं पत्र आल्यापासून हे धड जेवत नाहीत. सकाळी नदीकडे जातात, चिखलाने भरून येतात. रोज लिहायला बसतात आणि लिहिलेलं शेगडीत घालतात. काल देव्हाऱ्यातली इसोएताईंच्या नावाची पाटी खाली काढून मांडीवर घेऊन बसले होते. मी विचारलं तर म्हणाले, धूळ पुसतोय. मी रोज पुसते, तिथे धूळ कुठून येणार?

मी या घरात आले ती इसोएताई गेल्यानंतर दीड वर्षाने. त्यांना मी पाहिलं नाही. पण बेचाळीस वर्षं पहिला भात मी त्यांच्यापुढे ठेवला. सासूबाई रोज दुपारी एक भाताचा लाडू मिठात वळून नदीवर घेऊन जायच्या. शेवटच्या हिवाळ्यात मी अडवलं तर म्हणाल्या, तिला भूक आवरत नाही ग. त्याच थंडीत छाती भरली आणि त्या गेल्या. तुम्ही बारा-तेरा वर्षांच्या होतात, तुम्हाला आठवत असेल.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्याच्या आधीच्या शरदात यांना एक पत्र आलं होतं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. मीच पोस्टमनकडून घेतलं होतं. यांनी उभ्याने वाचलं आणि चुलीत घातलं. मी नवी सून, मला वाटलं लग्नाआधीची कुणीतरी असेल. विचारलं नाही. मग विचारायची वेळ निघून गेली. ताई, मी तेव्हा विचारायला हवं होतं.

तोकी

—

हिनोकुरा, २१ एप्रिल २००१

मित्सु,

केस इसोएचेच आहेत. ती नदीत गेली नाही. मी तिला पाठवलं.

काल तुझ्या वहिनीला सांगितलं. ती उठली आणि ताट वाढलं. तिने तुला लिहिलं आहे तेही तिने सांगितलं. आता तुला सांगतो.

कोठीची किल्ली माझ्याकडे होती. चौथ्या दिवशी सकाळी बाबा सोसायटीच्या बैठकीला गेले, आई शेजारी सोयाबीन कुटायला गेली. मी कुलूप काढलं. तो तारवाला तोवर गाव सोडून गेला होता, त्याचा यात काही संबंध नाही. इसोए म्हणाली, पळून जाते. मी म्हटलं, पळालीस तर बाबा शोधून आणतील. मेलीस तर शोधणार नाहीत. ते माझं वाक्य आहे, मित्सु, तिचं नाही. तिचे गवती बूट मी वळणावरच्या दगडावर ठेवले. तिला माझे रबरी बूट दिले आणि डोंगराच्या वाटेने लाकडांच्या ट्रकपर्यंत पोचवलं. मला वाटलं होतं, महिन्याभराने आईला हळूच सांगेन.

मग शोध सुरू झाला. पाणी वाढलं होतं. मी तरणा होतो, पुढारपण माझ्याकडेच आलं. नऊ दिवस मी बांबूने नदीचा तळ चाचपला. आई काठावर उभी असायची. चौथ्या दिवशी म्हणाली, “तामोत्सु, इथे खोल दिसतंय, इथे घाल.” मी घातला. नऊ दिवस ती जिथे म्हणाली तिथे मी बांबू घातला.

इसोएची दोन पत्रं आली. पहिलं त्याच उन्हाळ्यात: पोचले, काम मिळालं. दुसरं दोन वर्षांनी, शरदात. त्यात एवढंच होतं की आता तरी आईला सांग, फक्त आईला. मी सांगणार होतो. आईच्या पोटात काही राहायचं नाही, बाबांना कळेल, ते तिला ओढून आणतील, असं स्वतःला समजावत राहिलो. खरं म्हणजे नऊ दिवस बांबू घातल्यावर आईला काय तोंड दाखवू, हे कळत नव्हतं. बर्फ वितळला की सांगू, म्हटलं. आई बर्फ वितळायच्या आत गेली.

त्यानंतर इसोएला काय लिहायचं? आपल्या युक्तीने आई मेली, असं? मी उत्तर दिलं नाही. तिचंही पुन्हा आलं नाही. बाबा गेले तेव्हा सांगता आलं असतं. तोवर पाटी होती, दिवा होता, भटजी बोलावून केलेली पुण्यतिथी होती. दर वर्षी खोटं आणखी एक बोट जाड होत गेलं.

तू चुगली केलीस हे मला तुझ्या पत्रातून कळलं. बाबांना कुणी सांगितलं ते मी कधी विचारलंच नव्हतं. पण तू लहानपणी झोपेत दचकून ‘ताई’ म्हणून उठायचीस ते भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. तेवढं ऐकूनही मी गप्प बसलो. आणि उएनोचं तुझं पत्र आलं तेव्हा मला ठाऊक होतं की तू भूत पाहिलेलं नाहीस. मेलेली माणसं दिसतात, असं मीच तुला लिहिलं.

माफी मागायला मला जीभ नाही. तू सांगशील ते करीन.

तामोत्सु

—

टोकियो, ७ जून २००१

दादा,

सहा आठवडे तुला लिहिलं नाही. दुकानात गिऱ्हाइकांच्या शर्टांवर चुकीच्या चिठ्ठ्या लागल्या. मालकीण म्हणाली, मित्सुयो-सान, सुट्टी घ्या. त्या नावाने हाक आली की आता मी वळत नाही, आधी थांबते.

कुरिबायाशींकडे तिचं कार्ड आलं. एक ओळ: ‘बहिणीला सांगा, बुधवारी दुपारी मी तिथे असेन.’

काल मी गेले. ती आधीच येऊन बसली होती, खिडकीशी, त्या पाठमोऱ्या टोपांच्या रांगेत. क्षणभर मला कुठलं डोकं खरं ते कळेना. मग तिने मान वळवली. दादा, ती म्हातारी झाली आहे. मी चव्वेचाळीस वर्षं वीस वर्षांच्या मुलीला घाबरत होते. तिचे केस पांढरे आहेत आणि माझ्यासारखे कानाच्या वर कापलेले. ती म्हणाली, “जिन्यावर पाय वाजले तेव्हा वाटलं, आई आली.”

मी खाली बसून कपाळ चटईला टेकलं आणि चुगलीचं सांगितलं. तिने पुरं ऐकूनही घेतलं नाही. म्हणाली, “बाबांनीच मला सांगितलं होतं, तुझी लाडकी बोलली म्हणून. दहा वर्षांच्या पोरीच्या बोलण्याने कुणी नदीत जातं का?” मग म्हणाली, त्या तीन दिवसांत कोठीच्या दाराखालून भाताचे लाडू सरकवणारी तूच होतीस. दादा, मला हे आठवतच नाही. अजिबात नाही. मी स्वतःच्या वाटचे देत असे, असं ती म्हणते. टोकियोत तिला पहिल्यांदा कुणी नाव विचारलं तेव्हा स्वतःचं सांगायची सोय नव्हती, आणि माझ्याशिवाय दुसरं कुठलं नाव तोंडात आलंच नाही. तिने वाकून मला विचारलं, रागवलीस?

ती चटयावाल्याबरोबर तीस वर्षं राहिली, पण लग्न कागदावर कधी झालं नाही. कागदावर ती मेलेली आहे, बाबांनीच नोंद केली होती ना. आजारी पडली की त्याच्या बहिणीच्या नावाने डॉक्टरकडे जायची. दोन वर्षांपूर्वी तो गेला तेव्हा स्मशानात हिला नातेवाइकांच्या रांगेत उभं केलं नाही. ती हे हसत सांगते. मला तिचं ते हसणं ऐकवेना.

आणि मग तिने विचारलं, “आईने माझं पत्र वाचून काय म्हटलं होतं?”

मी म्हटलं, मी लहान होते. ती म्हणाली, “दादाचं उत्तर आलं नाही तेव्हाच समजले. आईला मी नकोशी झाले होते. म्हणून पुन्हा लिहिलं नाही. ती गेली असेलच आता. शेवटी तरी राग गेला होता का?”

आईला कुणी सांगितलंच नाही, हे माझ्या तोंडून निघणार नाही. ते तुझं तुलाच सांगायचं आहे. येत्या वीस तारखेला, बुधवारी, दुपारी एक वाजता ये. मी तिला सांगितलंय की तू येणार आहेस. येणार की नाही, ते मी विचारलेलं नाही.

मित्सुयो

—

हिनोकुरा, ११ जून २००१

मित्सु,

येतो. सकाळच्या पहिल्या गाडीने निघेन. तू स्टेशनवर येऊ नकोस, मी विचारत विचारत येईन. तिच्याआधी तुझ्याशी बोललो तर मी वाक्यं जुळवायला लागेन.

तामोत्सु

—

टोकियो, २७ सप्टेंबर २००१

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. दादा टोकियोहून परतल्यापासून तिथे काय झालं ते सांगत नाहीत, शेतावरून आले की भिंतीकडे बघत बसतात, तिने त्यांना काय म्हटलं ते तरी कळवा, असं तुम्ही लिहिलंत. मी हे आधीच लिहायला हवं होतं. चूक माझी.

दादा लग्नातला काळा सूट घालून आला होता. जिना चढून दम लागला, पण बसला नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, वाक्यं न जुळवता. ताई मांडीवर हात ठेवून ऐकत होती. नऊ दिवसांचं सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा विचारलं, “आई रोज काठावर होती?” तो हो म्हणाला. मग त्याने भाताच्या लाडवांचं सांगितलं. छाती भरल्याचं सांगितलं. तिने तारीख विचारली. अकरा जानेवारी, तो म्हणाला. ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, त्या दिवशी माझ्या हातचा टोप पहिल्यांदा एका नवरीने पसंत केला होता, आम्ही सगळ्या बायकांनी गोड केलं होतं.

ती रडली नाही. दादाला म्हणाली, “तू मला बाहेर काढलंस ते मी विसरणार नाही. पण चाळीस वर्षं मी आईवर रागावून काढली. ती आता मला परत कोण देणार?” दादाने पाटीचं विचारलं, काढून टाकू का? ती म्हणाली, राहू दे, आईच्या शेजारी आहे ना. मग, आता तू जा, म्हणाली. तो गेला. मी स्टेशनपर्यंत सोबत केली. सगळ्या वाटेत तो एवढंच बोलला की तिच्या पायात आता चांगले जोडे आहेत.

पुढे जुलैभर तिच्याकडून काही नाही. मला वाटलं, आता दुसऱ्यांदा गेली. ऑगस्टात, पितरांचे दिवे सोडून झाल्यावरच्या शुक्रवारी, ती धुलाईच्या दुकानात आली. हातात कपडा नाही, काही नाही. काउंटरपाशी उभी राहिली आणि म्हणाली, “आईचं काहीतरी सांग. मी गेल्यानंतरचं.”

मी तिला सांगितलं, आई मला शाळेत सोडायला यायला लागली होती, नदीच्या बाजूने स्वतः चालायची. ती ऐकून निघून गेली. पुढच्या शुक्रवारी परत आली. आता दर शुक्रवारी येते. मालकीण तिला स्टूल देते. मी इस्त्रीच्या वाफेत उभी राहून सांगते: आईचा खोकला, आईचा निळा रुमाल, आईने एकदा पोस्टमनला चहा पाजला होता ते. पोस्टमनचं ऐकून तिने डोळे मिटून घेतले. त्या दिवशी आणखी काही सांगवलं नाही.

तिचे कागद पुन्हा जिवंत करायचे म्हणून मी एका वकिलाकडे जाऊन आले. कोर्टात जावं लागेल आणि दादाला येऊन साक्ष द्यावी लागेल. ताई म्हणते, घाई नाही.

पण वहिनी, माझी अडचण निराळीच आहे. आई गेली तेव्हा मी बारा वर्षांची होते. माझ्याजवळची आई सहा शुक्रवारांत संपली. गेल्या आठवड्यात मी एक गोष्ट दुसऱ्यांदा सांगितली. तिच्या लक्षात आलं, पण तिने अडवलं नाही, पहिल्यांदा ऐकल्यासारखी बसून राहिली. दादा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. तुम्ही आईच्या उशाशी होतात. तुमच्याकडे पुष्कळ असेल.

दादाला लिहायला सांगा. मोठं नको, माफीचं नको, फक्त आईचं. आणि माझ्या घरी पाठवू नका, तिच्याच पत्त्यावर पाठवा. पत्ता मागच्या पानावर लिहिला आहे. पाकिटावर नाव इसोए असंच घाला. त्या घराच्या दारावर त्या नावाची पाटी नाही, पण तिकडच्या पोस्टमनला मी जाऊन सांगून ठेवलं आहे.

मित्सुयो